बाटली रिकामी व्हायला हवी

मित्रांनो, आजचा विषय आहे डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापलं पात्र चालवायच्या खेळातल्या जादूच्या अशा वस्तू, ज्या एकदा वापरल्या की संपतात. जखम भरणारं पोशन म्हणजे जादूचं पेय, एकदाच वाचता येणारी स्क्रोल म्हणजे मंत्राची गुंडाळी, फेकून मारायची तेजाबाची कुपी, तलवारीला चोळायचं तेल. या वस्तू आपल्या पात्रांनी स्वतः बनवायच्या असतील तर त्याचे घरचे नियम कसे असावेत, एवढंच बोलणार आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. नियमामुळे किती पोशन बनली हे मोजू नका. किती प्यायली गेली ते मोजा.

कुठलंही कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, संपत आलं की पात्रांची माहिती लिहिलेल्या कॅरेक्टर शीटा उघडून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे पात्र अजून नवखं असताना, मिळालेली पोशन दहाव्या लेव्हलला तशीच पडून असतात. ‘पुढं अडीनडीला लागेल’ म्हणून जपलेली. खेळाडूला यात दोष देऊ नका, त्याचा हिशोब बरोबर असतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये साधं हीलिंग पोशन म्हणजे चार बाजूंचे दोन फासे अधिक दोन, सरासरी ७ एचपी, म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण. २०१४ च्या नियमांत ते प्यायला अख्खी अ‍ॅक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली मुख्य कृती, जाते. समोर ओगर हा धिप्पाड राक्षस उभा आहे, त्याचा एक फटका सरासरी १३ चा. म्हणजे स्वतःचा हल्ला सोडून ७ मिळवायचे आणि लगेच १३ घालवायचे. असं कोण करील? २०२४ च्या नियमांनी पिणं बोनस अ‍ॅक्शनवर, म्हणजे त्याच पाळीतल्या जादा छोट्या कृतीवर, आणलं, ते फार चांगलं झालं. तुमचा ग्रुप जुनी पुस्तकं वापरत असेल तरी एवढा बदल आजच उचला.

आता बनवण्याकडे येऊ. २०१७ च्या पुरवणी पुस्तकात साध्या हीलिंग पोशनला एक दिवस आणि २५ सोन्याची नाणी लागतात. दुकानात त्याची किंमत ५०. त्याच खेळात कसबी कारागिराचा रोज आहे २ नाणी. हातमाग, यंत्रमाग आणि गिरण्यांवर वाढलेल्या या सोलापूर शहरात कच्चा माल, मजुरी आणि विक्री यांचं गणित कुणाला समजावून सांगायला नको. एका दिवसात २५ नाणी सुटतात, म्हणजे बारा कारागिरांच्या रोजापेक्षा जास्त. मग त्या जगात कोणी विणकाम, लोहारकाम का करावं? सगळं गाव पोशनच उकळत बसेल. खेळाडूंना हे पहिल्याच सेशनला उमगतं. मग डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, घाईघाईनं सांगतो की गावात गिऱ्हाईक नाही. खेळाडू गप्प बसतात, पण त्या जगावरचा त्यांचा विश्वास तिथंच थोडा कमी होतो.

जुन्या नियमांनी दुसरं टोक गाठलं होतं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत वस्तू बनवणाऱ्याला पैशांबरोबर स्वतःचे एक्सपीही, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुणही, खर्चावे लागत. सोबत्यांसाठी औषध उकळायचं आणि आपणच लेव्हलमध्ये मागं राहायचं, हे मला कधीच न्याय्य वाटलं नाही. त्याच नियमांवर उभ्या राहिलेल्या पाथफाइंडर या दुसऱ्या खेळानं २००९ मध्ये ती अट काढून टाकली.

आम्ही ठरवलेला नियम एका ओळीचा आहे: घरी बनवलेलं पोशन खेळातले सात दिवस टिकतं, आठव्या दिवशी ते नुसतं कडू पाणी. दुकानातली ५० नाण्यांची बाटली मात्र वर्षानुवर्षं टिकते, कारण दुकानदार तुमच्याकडून टिकाऊपणाचेच पैसे घेतो. या एका ओळीनं दोन्ही दुखणी जातात. सात दिवसांत वाया जाणारी वस्तू जपून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून खेळाडू पितात, एकमेकांना पाजतात, कधी जखमी शत्रूला देऊन त्याच्याकडून माहिती काढतात. आणि नासका माल व्यापारी घेत नाही, म्हणून धंद्याचा प्रश्नही उरत नाही. डीएमला कशालाच ‘नाही’ म्हणावं लागत नाही.

स्क्रोलला मी ही मुदत लावत नाही. कागद नासत नाही, आणि वरच्या लेव्हलच्या स्क्रोलचा खर्च मूळ नियमांतच इतका चढा आहे की तोच पुरेसा आळा आहे.

सामग्रीवर मात्र मी जास्त वेळ घेणार आहे, कारण खरी मजा तिथंच आहे. ‘२५ नाण्यांची सामग्री’ असं लिहिलं की सगळं रूक्ष होतं. एका पोशनला एकच खास घटक ठेवा, बाकी पाणी, मध, तेल असलं सगळं गृहीत धरा. आणि तो घटक नकाशावरच्या एका जागी, एका ऋतूतच मिळू द्या. परदेशी जंगलांची नावं शोधत बसू नका, आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? नान्नजच्या माळरानाकडं गेलात तर पिवळ्या फुलांचा तरवड दिसेल. त्याच्या सालीनं कातडं कमावतात. मग त्याच सालीचं पोशन प्यायल्यावर अंगाची कातडी चिवट होते, आर्मर क्लास, म्हणजे फटका चुकवायची ताकद, वाढतो, हे खेळाडूला लगेच पटतं. काष्ठौषधीच्या दुकानातला बिब्बा घ्या. त्याचा रस अंगाला लागला की फोड येतात, धोबी त्यानं कपड्यांवर खुणा करत. तेजाबाच्या कुपीला याहून चांगला घटक मला सापडलेला नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी दिसू लागतात, त्यांचं गळालेलं पीस उंचावरून अलगद उतरण्याच्या पोशनला. पावसाळ्यात ते हवं असेल तर मिळणार नाही, किंवा कुणाच्या तरी साठ्यातून मागावं लागेल, आणि तिथून एक नवी गोष्ट सुरू होते. (हे सगळं टेबलावर, फाशांपुरतं. बिब्ब्याला खरोखर हात लावू नका, लहान मुलं खेळत असतील तर त्यांना हे आधी सांगा.)

राहिला फासा, म्हणजे पोशन जमलं की नाही ते ठरवणं. समजा डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ आहे आणि फाशात मिळवायचा पात्राचा बोनस ५. वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त यायला हवेत, म्हणजे ५५ टक्के यश. आठवडाभर माळ तुडवून आणलेली साल जवळजवळ निम्म्या वेळा फुकट जाणार. हे मला मान्य नाही. म्हणून पाच किंवा त्याहून कमी अंकांनी हुकलं तर पोशन तयार होतं, पण खोट घेऊन: जखम भरते पण तासभर नाकाला वास येत नाही, कातडी चिवट होते पण पाय जड होतात. फासा ४ किंवा खाली पडला तरच सामग्री जाते, म्हणजे २० टक्के. गंमत अशी की लोक चांगल्या पोशनपेक्षा ही खोट असलेली पोशनच जास्त कल्पकतेनं वापरतात. नाकाला वास न येणारं पात्र कुजक्या गुहेत सगळ्यांच्या पुढं चालतं.

शेवटी मघाशी आलेला प्रश्न घेतो: पार्टीत, म्हणजे पात्रांच्या टोळीत, जखमा भरणारा क्लेरिक नसेल तर सात दिवसांची मुदत जाचक होणार नाही का? होते. अशा पार्टीला मुदत चौदा दिवस करा, आणि एका वेळी जवळ किती पोशन बाळगायची त्याला मर्यादा घाला, प्रत्येकी दोन. लांबचा प्रवास असेल तर हर्बलिझम किट, म्हणजे जडीबुटीची पेटी, वापरणाऱ्याला मुक्कामाच्या जागी रात्रीच एक पोशन उकळू द्या, मात्र त्या रात्री त्यानं पहाऱ्याला बसायचं नाही. मग पहारा कोण देणार, यावर खेळाडू आपापसांत भांडतील. त्यांना भांडू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.