बाई, चूक तिसाव्या ओळीत आहे

मंडळी, 1984 साली केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेची ‘क्लास’ ही योजना सुरू केली. पहिल्या वर्षी देशभरातल्या सुमारे 250 शाळा घेतल्या होत्या. आमचा नंबर नंतर लागला. मी तेव्हा आठवी-नववीला गणित शिकवत होते.

मशिन होतं बीबीसी मायक्रो. इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचं, तिकडे लोक घरी टीव्हीला जोडून वापरायचे ते. मेमरी 32 किलोबाइट. सर्वांत बारीक चित्राचा मोड लावला की त्यातले 20 एकट्या पडद्यालाच लागायचे, उरलेल्या जागेत मुलांचा प्रोग्राम. खोलीला पडदे, चपला बाहेर, आणि किल्ली ऑफिसात. ती किल्ली मिळवण्यात माझे कितीतरी तास गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. वस्तू जपली, मुलं ताटकळली.

पण बटण दाबल्यावर काय व्हायचं ते सांगते. दोन सुरांत ‘बीप’ वाजायचं, नाव उमटायचं, आणि खाली एक छोटीशी खूण लुकलुकत राहायची. बस. चित्रं नाहीत, मेनू नाही. आता तुम्ही सांगा, मग मी करतो, असं ते मशिन म्हणायचं. आणि भलतंच काही टाइप केलं की पडद्यावर एकच शब्द यायचा: ‘मिस्टेक’.

एक मुलगी होती, वहीतलं गणित चुकलं की पान हाताने झाकायची. तिने चौरसाच्या परिमितीचा प्रोग्राम लिहिला. ओळी तीनच, पण त्यांना क्रमांक 10, 20, 30 असे. दहाव्या ओळीत प्रश्न, विसाव्या ओळीत बाजू विचारायची, तिसाव्या ओळीत चार गुणिले बाजू छापायची. चालवला तर संदेश आला, तिसाव्या ओळीत असं चलच नाही, म्हणजे किंमत साठवलेलं असं नावच नाही. मी वाकून बघितलं, मलाही काही दिसेना. पाच मिनिटं आम्ही दोघी एकेक अक्षर वाचत होतो. मग तीच ओरडली, “बाई, वर कॅपिटलमध्ये आहे, खाली स्मॉल!” या मशिनला ती दोन वेगळी नावं वाटत होती. चूक सापडल्याचा असा आनंद मी गणिताच्या तासाला कधी पाहिला नव्हता. लाल शाईने ते कधीच जमलं नसतं, हे मला त्या दिवशी उमगलं.

दुरुस्त केल्यावर तिने मुद्दाम उणे पाच टाकले. मशिनने शांतपणे उणे वीस दिलं. “उणे पाचची बाजू कशी असेल, बाई?” तिने विचारलं. चौरसाची बाजू ऋण नसते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तेवढ्यात लाइट गेले. मेमरीतलं सगळं पुसलं गेलं. चुकून ब्रेकची कळ दाबली गेली तर ‘ओल्ड’ लिहून प्रोग्राम परत आणता यायचा, वीज गेल्यावर मात्र काही उपाय नाही. कॅसेटवर साठवायला आम्हाला सवडच मिळाली नव्हती. मुलं हिरमुसली. ती मात्र खिडकीचा पडदा सारून उजेडात चौकटीची वही घेऊन बसली होती. ओळींचे क्रमांक दहा-दहाने का सोडतात, हे मी आधीच्याच आठवड्यात सांगितलं होतं. वहीत तिने 20 आणि 30 च्या मध्ये 25 वी ओळ घुसवली होती: बाजू शून्यापेक्षा मोठी नसेल तर 20 वर परत जा.