बांध कोरला तर दंड! इंग्लंडमधलं लॅक्स्टन

नमस्कार मंडळी. नोव्हेंबर संपत आलाय, गहू नुकताच वर आलाय आणि चिखल तुडवत काही शेतकरी शिवारात फिरतायत. सोबत हातोडा आणि हद्द दाखवायला ठोकायच्या लाकडी खुंट्या. ते बघतायत, यंदा कुणी बांध कोरलाय का!

हे लॅक्स्टन. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशरमधलं छोटंसं गाव. इथल्या मोठ्या शिवारांत कुंपणं नाहीत. तीन शिवारं आहेत: पश्चिमेचं, दक्षिणेचं आणि गिरणीचं. प्रत्येकात वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या लांबट पट्ट्या. एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. दरवर्षी पाळी बदलते.

मध्ययुगात इंग्लंडचा मोठा भाग अशीच शेती करायचा. मग, विशेषतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, संसदेने कायद्यामागून कायदे केले, शिवारं तोडून कुंपणं घातली. कित्येक गरिबांना गाय चारायला जागा उरली नाही. हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. लॅक्स्टनमध्ये मात्र हे काम पुरं झालंच नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. 1635 मध्ये मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने या गावाचा नकाशा काढला. पट्टी न् पट्टी दाखवलीय. आणि शेतांत चक्क माणसं रंगवलीत! कुणी नांगर धरलाय, कुणी कापणीला वाकलंय.

नकाशा काढून घेणारा गावाचा मालक होता लंडनचा व्यापारी सर विल्यम कॉर्टन. त्याच वर्षी राजा पहिल्या चार्ल्सने त्याला पूर्वेकडच्या व्यापाराचा परवाना दिला. 1636 मध्ये जॉन वेडेल नावाचा कप्तान त्या व्यापाराची गलबतं घेऊन थेट गोव्याला आला! म्हणजे लॅक्स्टनच्या पट्ट्या मोजून घेणाऱ्याचीच माणसं आपल्या किनाऱ्यावर उतरली होती.

1952 मध्ये सरकारने ही जमीन विकत घेतली, म्हणून ही पद्धत टिकली. पण मला विचाराल तर तिला खरं जिवंत ठेवलं ते या खुंट्यांनी.

कारण खुंट्या ठोकणारे पंच गावातलेच, स्वतः शेती करणारे. शेजाऱ्याचा नांगर सामाईक गवताच्या पट्ट्यात घुसला असेल, तर नाव लिहून घेतात. आठवड्याभराने गावच्या पबमध्ये कोर्ट भरतं, तिथे दंड होतो. रक्कम किरकोळ, पण नाव सगळ्यांसमोर पुकारलं जातं. त्याच बैठकीत नवे पंच शपथ घेतात. पुढच्या नोव्हेंबरात गहू दुसऱ्या शिवारात असेल. तिथले बांध बघायला ते जातील.