गढूळ खाडीत जिताड्यासाठी ल्युअरचा रंग कसा निवडावा?

नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की ठाणे, ऐरोली, बेलापूर या भागांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : खाडीचे पाणी गढूळ आहे, तर जिताडा या माशासाठी कोणत्या रंगाचा ल्युअर, म्हणजे नकली आमिष, लावावा? रॉड आणि रीळ यांविषयी पूर्वी सविस्तर बोललो आहे. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड धारदार असते, म्हणून लीडर, म्हणजे ल्युअरला जोडलेला दोरीचा शेवटचा तुकडा, जाड घ्यावा, एवढे सांगून थेट रंगाकडे वळतो.

अनेक जण लिहितात की पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो, म्हणून निळा घ्यावा. हे स्वच्छ समुद्राबाबत खरे आहे, कारण तेथे पाणी स्वतःच लाल प्रकाश शोषून घेते. आपल्या खाडीत मात्र गाळाचे कण आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून विरघळलेली द्रव्ये निळा-जांभळा प्रकाश आधी गिळतात आणि खाली पिवळसर-हिरवट उजेड उरतो. म्हणूनच दुकानात मोहक दिसणारा निळा-चंदेरी ल्युअर येथे मळकट होतो आणि पोपटी किंवा नारिंगी टिकून राहतो. फ्लोरोसंट रंग आखूड लहरींचा प्रकाश घेऊन तो आपल्या रंगात परत टाकतात, त्यामुळे उरलेल्या थोड्या उजेडातही ते अधिक उजळ भासतात.

तरीही रंगाच्या नावावर अडकून राहणे मला खरोखर खटकते. "पोपटी संपला, आता काय करू?" असे विचारणाऱ्यांना माझे सांगणे आहे की माशाला दुकानातले नाव दिसत नाही, त्याला मागच्या पाण्यापेक्षा वेगळी उठणारी आकृती दिसते. जिताडा खांबांच्या किंवा तिवरांच्या मुळांच्या आडोशाला दबा धरून असतो आणि बऱ्याचदा खालून वर पाहतो. त्याच्या दृष्टीने वर उजळ आकाश असते, त्यामुळे पृष्ठभागाजवळून जाणारा काळा ल्युअर सर्वांत ठळक दिसतो. तोच ल्युअर माशाच्या पातळीवरून ओढायचा असेल, तर पाठीमागे मध्यम उजेडाचे पाणी असते. तेथे पांढरा, पोपटी किंवा काळ्या-पोपटी जोडीचा ल्युअर उपयोगी पडतो. मातकट, तपकिरी आणि शेवाळी ल्युअर मात्र दोन्ही वेळा पाण्यात विरून जातात, आणि नेमके हेच "नैसर्गिक रंग" म्हणून विकले जातात याचा मला राग येतो.

हे पटत नसेल, तर मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहा. गायमुखला उधाणाच्या भरतीत शेजारी उभा असलेला एक तरुण सारखे ल्युअर बदलत होता. त्याचा उघडा डबा मी असाच टिपून त्याला दाखवला. लाल, हिरवे, तपकिरी असे सगळे ल्युअर एकाच राखाडी छटेचे दिसत होते आणि एका कोपऱ्यातला काळा व एक पांढरा एवढेच वेगळे उठत होते. त्याने इतका वेळ रंग बदलले होते, पण माशाच्या दृष्टीने फारसे काहीच बदलले नव्हते.

पाणी किती गढूळ आहे, हे अंदाजाने ठरवू नका. आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्रात तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. आपल्याला वजन बांधलेले पांढरे झाकण आणि दोरी पुरते. झाकण वीतभर खोलीवरच दिसेनासे झाले, तर काळा किंवा गडद जांभळा ल्युअर लावा आणि रुंद शेपटीचा, पाणी हलवणारा प्रकार निवडा. मासा अंगावरच्या पार्श्वरेखेने कंपने टिपतो आणि मग जवळ येऊन पाहतो, म्हणून ल्युअर सावकाश ओढावा. झाकण हातभर खोलीपर्यंत दिसत असेल, तर पोपटी किंवा पांढरा लावा. त्याहून निवळ पाणी असेल, तरच बोईट माशासारख्या चंदेरी ल्युअरचा विचार करावा.

यासाठी तिथीही पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जोराचा प्रवाह तळाचा गाळ उचलतो, तर अष्टमीच्या सुमारास भांगाच्या पाण्यात ओढ कमी असल्याने गाळ बसतो. त्यामुळे एकाच जागी एकाच महिन्यात उत्तर बदलते. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला पट्टा फ्लेमिंगो अभयारण्याचा आहे, तेथे मी गळ टाकत नाही आणि तुम्हीही टाकू नये अशी विनंती आहे.

पुलाच्या दिव्याखाली रात्री काय लावावे, असेही काहींनी विचारले आहे. जिताडा सावलीच्या कडेला थांबून उजेडाकडे तोंड करून असतो, त्यामुळे उजेडातून सावलीकडे येणारा काळा ल्युअर तेथेही आधी लावून पाहावा.