चेकवर सही कोणाची?

मागे आवाज येतोय ना? हं. तर मला विषय दिलाय की सामाजिक न्यायाचं काम करणाऱ्या फाउंडेशनमध्ये बदल होत असताना नेतृत्व कसं करायचं. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मी जे केलं त्याला नेतृत्व नाही, लुडबुड म्हणतात.

मी जॉइन झाले तेव्हा दोन गोष्टी एकदमच चालल्या होत्या. संस्थापिका ताई निवृत्त होत होत्या, आणि बोर्डाने ठराव केला होता की यापुढे अनुदान कुणाला द्यायचं हे ज्यांच्यासाठी आपण काम करतो तेच लोक ठरवतील. मी आल्या आल्या नवा तक्ता काढला, कोण कुणाला रिपोर्ट करणार, रंगीत चौकोन, बाण वगैरे, सगळ्यांनी माना डोलावल्या, मला वाटलं जमलं! तीन महिन्यांनी कळलं की पदांची नावं तेवढी बदललीत, कामाची रीत जुनीच, आणि जरा काही अडलं की सगळे अजून ताईंनाच फोन लावतात. हे सांगितलं कुणी, तर आमचे अकाउंट्स बघणारे काका, तेही जाता जाता दारात उभं राहून. म्हणाले, मॅडम, तक्ता झकास आहे, पण चेकवर सही कोणाची?

माझं डोकं तिथे ठिकाणावर आलं. सही माझी आणि एका ट्रस्टींची. मग लोक ठरवणार म्हणजे नेमकं काय ठरवणार?

अनुदान ठरवायला आम्ही याच लोकांची एक समिती केली, तिची पहिली मीटिंग मला लख्ख आठवते. सात जण. आम्ही एकशे ऐंशी पानांची फाइल दोन दिवस आधी पाठवलेली, आणि वर आमचीच अपेक्षा की सगळे वाचून येतील. घरकामगार बायकांची संघटना चालवणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांनी पहिलं पान वाचलं, फाइल टेबलावर पालथी ठेवली आणि विचारलं, यात जागोजागी लाभार्थी लिहिलंय, ते आम्हीच ना? मग आम्ही लाभार्थी का समितीचे मेंबर, काय ते एकदा ठरवा. कुणाला काही बोलताच येईना. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, ही नऊच प्रपोजलं कशी आली? आता आले होते साठएक अर्ज, त्यातले नऊ आमच्या स्टाफने निवडलेले. म्हणजे खरा निर्णय आधीच झालेला, समितीने त्याच्यावर फक्त अक्षता टाकायच्या. त्यांनी बाद झालेला गठ्ठा मागवला, दुपारभर चाळला आणि दोन अर्ज वर काढले. त्यातला एक हाताने लिहिलेला, दोन पानी, बजेटचा रकाना कोरा. आमच्या नियमात तो बसतच नव्हता.

स्टाफ दुखावला, साहजिकच होतं. दहा वर्षं अर्ज वाचायची नजर कमावलेली माणसं ती, त्यांना वाटलं आपल्याला मोडीत काढलं. मी इथे चुकले, त्यांच्याशी आधी बोलायला हवं होतं, मी थेट मीटिंगमध्येच त्यांना तोंडघशी पाडलं. एकाने राजीनामा दिला आणि तो माझ्यामुळे दिला, उगाच परिस्थितीवर कशाला ढकलू.

हे करणारे काही आम्हीच पहिले नव्हतो बरं का. बोस्टनचा हेमार्केट पीपल्स फंड १९७४ पासून चळवळीतल्या लोकांच्या हातात अनुदानाचा निर्णय देतोय. डिसॅबिलिटी राइट्स फंडच्या निर्णयात अपंग कार्यकर्ते स्वतः बसतात. आणि मोठ्यांचं पण ऐका. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनचे तेव्हाचे अध्यक्ष डॅरेन वॉकर यांनी जाहीर केलं की आता सगळा भर विषमतेवर, आणि त्या आराखड्यात अपंग लोकच नव्हते! चळवळीतल्या लोकांनी चांगलंच सुनावलं, मग २०१६ मध्ये त्यांनी उघडपणे लिहून चूक कबूल केली. एवढा पैसा, एवढे हुशार लोक, आणि टेबलाभोवती कोण नाही हे कुणाच्या लक्षात नाही.

आता ज्यावर कुणीच बोलत नाही ते बोलते. फाउंडेशन बदलतं तेव्हा त्याची किंमत मोजतं कोण? ज्यांना आपण पैसे देतो त्या छोट्या संस्था. आम्ही आमचं धोरण ठरवत बसलो आणि चार महिने नवी अनुदानं थांबवली, आम्हाला वाटलं थोडा श्वास घेऊ. तिकडे एका संस्थेतल्या तीन कार्यकर्त्यांचे पगार अडकले. त्यांनी मला फोन पण केला नाही, देणाऱ्याला कोण जाब विचारणार? सहा महिन्यांनी त्यांच्या रिपोर्टमधल्या एका ओळीत कळलं. त्यानंतर आम्ही नियम केला, धोरण बदलायचं तर अनुदान चालू असलेल्या संस्थांना आधी एक वर्षाचा विनाअट निधी, मग आमच्या चर्चा. बोर्डात यावर जाम वाद झाला, गंगाजळी कमी होईल म्हणून. होईलच की. इंग्लंडच्या लँकेलीचेस फाउंडेशनने तर २०२३ मध्ये सांगून टाकलं की आपली सुमारे १३ कोटी पौंडांची सगळी गंगाजळी पाच वर्षांत वाटून संस्थाच बंद करणार. आमच्या ट्रस्टींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. आम्ही काही तिथपर्यंत गेलो नाही, आणि जावं का हे माझं अजून ठरत नाहीये.

हां, सहीचं राहिलंच. शेवटी ठराव झाला की दोन सह्यांपैकी एक समितीच्या मेंबरची. पहिल्या त्या मावशीच. बँकेने फॉर्म दोनदा परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून, कारण दर वेळी त्या वेगळी करत होत्या. मग काकांनी एक कोरी वही आणली आणि त्यांच्या शेजारी बसले, सलग तीन दुपारी. तिसऱ्या वेळी फॉर्म पास झाला. आता मला चेक काढायचा असेल तर त्या गावाला गेल्यात का ते आधी विचारावं लागतं.

चला, प्रश्न घेऊया.