शेजारची कॉट

(दृश्य : पुणे, सदाशिव पेठ. सकाळ. जिन्याच्या कठड्यावर मेसचे डबे.)

‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा.’ पेठेतल्या भिंतींवर या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं लागतात. एका खोलीत तीन-चार कॉट, कपाटाचा एकेक खण आणि मेसचा डबा. आई-वडील शेकडो किलोमीटर लांब. अशा खोलीत तुमची झोप, तुमचं जेवण, तुमचा मूड सगळ्यात आधी कळतो तो शेजारच्या कॉटवरच्याला. त्या कॉटवर मी होतो.

माझा रूममेट आमच्यात सगळ्यात हुशार. सबमिशनच्या आठवड्यात तो सलग दोन रात्री जागला, तेव्हा आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. मग डबे तसेच परत जायला लागले. एका संध्याकाळी मी त्याचा डबा उघडला, तर आमटी आंबली होती आणि पोळ्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. बोलताना त्याचा जबडा सारखा हलायचा, दात दातांवर घासायचे. नाकातून रक्त आलं की म्हणायचा, ‘उष्णता झालीय रे.’ मोबाईलची काच तो लख्ख पुसून ठेवायचा, पण कव्हराच्या कडेला पांढरी भुकटी अडकलेली असायची. मी ती पाहिली होती.

(दृश्य : रात्रीचा रस्ता, चहाची टपरी, मुलांचे घोळके.)

त्या भुकटीला मुलं एमडी म्हणतात, कुणी म्याव-म्याव. रासायनिक नाव मेफेड्रोन. प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा तयार झालं १९२९ साली. भारतात ५ फेब्रुवारी २०१५ रोजी ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. हा माल समुद्रापलीकडून कुठून तरी येतो, अशी बऱ्याच पालकांची समजूत असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सोलापूर रस्त्यावरच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला. त्या कारवाईत पुण्यापासून दिल्लीपर्यंत मिळून दीड हजार किलोहून जास्त एमडी पकडलं गेलं. आपल्या जिल्ह्यात, आपल्या रस्त्यावर.

हे शरीरात काय करतं, ते नीट ऐका. डोपामाइन आणि सेरोटोनिन ही रसायनं मेंदू एरवी बेताबेतानं खर्च करतो. एमडी ती एकाच वेळी उधळून टाकतं. दोन-तीन तास अंगात वारं शिरल्यासारखं होतं, आणि मग सगळं रितं. ते रितेपण सोसवत नाही म्हणून त्याच रात्री दुसरी लाईन, म्हणजे नाकानं ओढायची भुकटीची रेघ, मग तिसरी. नाडी आणि रक्तदाब चढतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात, अंग तापतं. रक्तवाहिन्या आकसल्यानं बोटं गार पडतात, कधी निळसर होतात. सोबत दारू असेल तर आपल्याला किती चढलीय याचा अंदाज येत नाही आणि हृदयावरचा ताण वाढतो. पुढे संशय येतो. माझा रूममेट खिडकी उघडू द्यायचा नाही. खाली उभा असलेला इस्त्रीवाला आपल्यावर पाळत ठेवतो, असं त्याला वाटायचं. आणि पुडी संपली की दोन-दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. या घसरणीत मुलांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. ती वेळ मला सगळ्यात भीतीची वाटते.

आणि हे पुण्याला नवीनही नाही. १९८०च्या दशकात इथं ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉईन, आली होती. तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे, हे या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे.

मग मी गप्प का बसलो? पोलीस येतील, कॉलेज काढून टाकेल, मित्राला आपणच अडकवलं असं होईल. एक गोष्ट तेव्हा मला माहीत असायला हवी होती. त्याच अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४-अ. सेवनाचा किंवा अगदी थोडा माल जवळ असल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला त्या खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्ध्यावर सोडले तर ते काढून घेता येतं, एवढीच अट. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. मन खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६. या क्रमांकांवर मित्रालाही फोन करता येतो.

(दृश्य : दवाखान्याचा कॉरिडॉर. बाकावर एक पिशवी.)

एका पहाटे त्यानं छाती धरली. अंग भाजत होतं, हात बर्फासारखे. रिक्षातून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय घेतलंय यानं? खरं सांगा, उपचार त्यावर ठरतील.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. तो वाचला. व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, एकदा पुन्हा घसरला, पुन्हा गेला.

त्याचे वडील रात्रीच्या एसटीनं नांदेडहून आले. पिशवीत त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू होते. बाकावर माझ्याशेजारी बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘बाळा, तुला कधीपासून माहीत होतं?’

‘चार महिने, काका.’