काळोख आत, वारा आरपार

[दृश्य: वागळे इस्टेट, पावसाळी संध्याकाळ. अर्धवट ओढलेली शटर्स, टेम्पो, चहाची टपरी.]

ठाण्यातलं वागळे इस्टेट. एमआयडीसीचा कारभार १९६२ साली सुरू झाला, तो इथून. या गल्ल्यांत काय बनत नाही? नटबोल्ट, पुठ्ठ्याचे खोके, लग्नपत्रिका, फरसाण. आणि या एका गाळ्यात, शटरच्या आड, शेवंती.

[दृश्य: गाळ्याची आतली बाजू. मांडणीवर कुंड्या, वर एलईडीच्या पट्ट्या.]

दहा बाय बारा फुटांची खोली. पांढऱ्या भिंती, वर सिमेंटचा पत्रा. गणपतीत कुंडीतली शेवंती विकायची, असा इथल्या ताईंचा हट्ट. जांभळी नाक्यावर त्या दिवसांत शेवंती हवी तेवढी मिळते, पण ती तोडलेली, घाटावरून पोत्यात भरून आलेली. मखराशेजारी ठेवायला मुळासकट झाड हवं असेल तर शोधत फिरावं लागतं.

अडचण रात्रीची आहे. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. ठाण्यात जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांचा असतो, वर पहाटेचा नि संध्याकाळचा संधिप्रकाश. एवढ्या उजेडात बहुतेक जाती नुसती पानं काढत बसतात. म्हणून या खोलीत दिवे सकाळी सातला लागतात आणि संध्याकाळी सहाला बंद होतात. पुढचे तेरा तास काळोख. सलग.

[दृश्य: पानाचा क्लोजअप. टायमरची चकती फिरताना.]

सलग या शब्दावर सगळं अडलेलं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखूची रोपं रोज ठरावीक वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवली आणि फुलण्याचा संबंध दिवसाच्या लांबीशी आहे, हे १९२० साली मांडलं. १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी गोष्ट उलटी करून दाखवली. लांब रात्रीच्या मध्यावर मिनिटभर दिवा लावला आणि त्यांची झाडं फुलायची थांबली. म्हणजे हिशेब रात्रीचा. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य तांबडा उजेड टिपतं आणि रात्र तुटल्याची नोंद करतं. शेवंती इतकी हळवी नाही, एखाद्या मिनिटानं तिचं बिघडत नाही. पण रोज रात्री थोडा थोडा उजेड मिळत राहिला तर कळी लांबणीवर पडते, वेडीवाकडी होते. पॉलिहाउसवाले हेच मुद्दाम करतात. फूल लवकर यायला नको असेल तर मध्यरात्रीच्या आसपास तीन-चार तास दिवे लावतात.

चांदण्याची भीती नाही. लक्स हे उजेडाचं माप, आणि पौर्णिमेचा उजेड अर्धा लक्सही भरत नाही. भीती या दिव्याची.

[दृश्य: गाळ्यासमोरचा रस्त्यावरचा दिवा. पांढरा झोत शटरवर.]

रस्त्यावरचा दिवा खाली दहा-वीस लक्स सहज टाकतो. तेवढा झाडाला पुरतो.

[दृश्य: शटरच्या फटी, दाराखालची फट, भिंतीतलं पंख्याचं भोक.]

फटी बुजवणं सोपं. शटरच्या आत प्लायची चौकट, तिच्यावर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरतात ते प्लास्टिक. शेतकऱ्यांना हा कागद ओळखीचा. पातळ कागदातून सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकतात, म्हणून तो दुहेरी घेतलाय. दाराला रबरपट्टी. आत एका माणसापुरती जागा सोडून काळा जाड पडदा. आधी दार लावायचं, मग पडदा सारायचा. स्टॅबिलायझरच्या लाल टिकलीवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप.

राहिलं पंख्याचं भोक. तेही बुजवून टाकावं असं कोणालाही वाटेल. सुरुवातीला तसं केलंही होतं. आठवडाभरात खालच्या पानांवर करडी बुरशी. दिवे गेले की हवा थोडी गार होते आणि पानांनी दिवसभर सोडलेली वाफ पानांवरच दव होऊन बसते. वर तापलेला पत्रा. रात्र फार उकाड्याची झाली तरी शेवंतीची कळी अडते, मग काळोख कितीही दाट असो. थोडक्यात, ज्या तेरा तासांत उजेड अजिबात नको, त्याच तेरा तासांत पंखा बंद करून चालत नाही.

[दृश्य: सुतारकाम. करवत, भुसा, पेन्सिलीची रेघ.]

इथे येतात मिस्त्री. मूळचे राजापूरचे, दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं काम चालतं. उजेड अडवून हवा सोडणारे तयार खोके बाजारात मिळतात, परदेशी बनावटीचे. किंमत ऐकून ताई मिस्त्रींकडे गेल्या.

"काका, हवा जायला पाहिजे, उजेड नाही."

"हवा वळते हो ताई. उजेड वळत नाही. वळणं घालू."

बारा एमएम प्लाय. अठरा बाय अठरा इंचांचं तोंड, लांबी पावणेतीन फूट. आत आडव्या फळ्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. प्रत्येक फळी दहा इंच, म्हणजे बाजूला आठ इंचांची वाट उरते.

[दृश्य: मिस्त्री खोक्यात डोकावतात. पलीकडून कोणीतरी बॅटरी धरलेली.]

हे नीट पाहा. दोन फळ्या लागल्यात. समोरून काही दिसत नाही. मिस्त्री मान तिरकी करतात, आणि ती बघा, बॅटरी दिसली. दोन फळ्यांच्या कडांमधून एक तिरपी रेघ निघतेच. आता तिसरी फळी, पुन्हा पहिलीच्याच बाजूने. पहिल्या वाटेतून निघून दुसरी गाठलेल्या सरळ रेषेला तिसऱ्या वाटेपर्यंत परत वळावं लागेल, आणि सरळ रेषा वळत नाही. मान कशीही वाकवा. हे भूमितीच्या पुस्तकात न शिकता मिस्त्रींनी पेन्सिलीने प्लायवर काढून दाखवलं.

[दृश्य: ब्रशने काळा रंग.]

रेघ अडली तरी उजेड आपटत आपटत पुढे येऊ शकतो. त्यासाठी आतून शाळेच्या फळ्याचा रंग. काळा, बिनचमकीचा, दोन हात. प्रत्येक आपटीला बहुतेक उजेड तिथेच जिरतो. ऑइलपेंट चालत नाही, तो चकाकतो.

आणि हवेचं माप. बारा इंची पंख्याचं तोंड साधारण ११३ चौरस इंच. खोक्यातली वाट आठ गुणिले अठरा, १४४. वाट पंख्यापेक्षा अरुंद झाली तर पंखा नुसता ओरडतो. वळणांवर जोर कमी होतोच, त्यामुळे ऐसपैस वाट ही चैन नाही. बाहेरून हवा आत यायला समोरच्या भिंतीत, जमिनीलगत, तसेच दोन खोके. येणारी वाट जाणाऱ्या वाटेच्या दुप्पट. तोंडाशी किड्यांची जाळी. इथल्या धुळीत ती दर रविवारी धुवावी लागते.

[दृश्य: उदबत्तीचा धूर, संथ गतीत.]

पंखा चालू केला की खोली हवा ओढते. उदबत्ती जमिनीलगतच्या खोक्यापाशी धरली, धूर सरळ आत ढकलला गेला. बरोबर. दाराच्या बिजागरीपाशी धरली, तिथेही धूर हलला. हवा शिरते तिथून उजेडही शिरू शकतो, म्हणून बिजागरीवर आणखी एक पट्टी.

शेवटची तपासणी डोळ्यांची. सगळे दिवे बंद करून वीस मिनिटं आत बसायचं. आत शिरल्याशिरल्या सगळं काळंच दिसतं, त्यावर विसंबायचं नाही. डोळे सरावले की छताच्या कोपऱ्यात एक चांदणी दिसली, पत्र्याच्या बोल्टाचं भोक. एम-सीलचा ठिपका.

[दृश्य: कळ्या. मग उमललेल्या कुंड्या टेम्पोत चढवताना.]

जूनच्या शेवटी काळोख सुरू झाला, गणपतीच्या आठवड्यात बहुतेक कुंड्या उमलल्या, काही मागे राहिल्या. विजेचं बिल आणि कुंडीचा भाव यांचा मेळ अजून बसायचाय.

[दृश्य: मिस्त्री टेपने भिंत मोजताना.]

पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट, त्यामुळे कुंड्यांच्या मधोमध दोन छोटे पंखे वाढवलेत, ओलावा पानांवर ठरू नये म्हणून. एप्रिल-मेमध्ये ही खोली चालवायची तर बाहेर फेकणारा पंखा पंधरा इंची लागेल. म्हणजे खोकंही मोठं. ताई विचारतात, जुनंच वाढवता येईल का? मिस्त्री नाही म्हणतात. चोवीस इंची तोंड, तीनच फळ्या, आणि भिंतीतलं भोक नव्याने पाडायचं.