इंजिन कोणी बदलले, आणि कधी

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या अमेरिकन मसल कारचा, म्हणजे मोठे, ताकदवान इंजिन बसवलेल्या गाडीचा, सौदा ठरत असताना खरेदीदार बॉनेट उघडून सर्वांत आधी इंजिनाचा नंबर शोधतो. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीत जे इंजिन होते तेच आजही असेल, तर तिची किंमत एक आणि ते बदललेले असेल तर दुसरीच, असा या बाजाराचा रिवाज आहे. तो सर्वसाधारणपणे रास्तही आहे. मात्र 1960च्या दशकात अमेरिकेतल्या काही डीलरांनी नव्या कोऱ्या गाडीतले इंजिन उतरवून त्याहून मोठे बसवले आणि मगच ती गाडी गिऱ्हाइकाच्या हाती दिली. अशा गाड्यांना हा रिवाज जसाच्या तसा लावला, तर नेमक्या दुर्मिळ गाड्याच खोट्या ठरतील.

यामागे जनरल मोटर्सचा स्वतःचाच एक निर्बंध होता. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचा अपवाद सोडला, तर मध्यम आणि छोट्या मोटारींत 400 घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असे कंपनीचे धोरण होते. त्यामुळे याच कंपनीच्या शेव्हरोले या ब्रँडच्या 1967च्या कॅमॅरो गाडीला कारखान्यातून मिळणारे सर्वांत मोठे इंजिन 396 घनइंचांचे होते, तर कॉर्व्हेटला 427 घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ सात लिटरचे, इंजिन मिळत होते. ही दोन्ही इंजिने एकाच घराण्यातली. बाहेरची मापे तीच आणि गाडीला जोडण्याच्या जागाही त्याच. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डीलर आणि शर्यतपटू डॉन येन्को यांनी 396 उतरवून 427 चढवले आणि त्या गाड्या आपल्या नावाने विकल्या. शिकागोत निकी शेव्हरोले, कॅलिफोर्नियात डॅना शेव्हरोले, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बाल्डविन-मोशन हीही मंडळी त्याच वाटेने गेली. ऱ्होड आयलंडमधल्या टास्का फोर्ड या डीलरने फोर्डच्या मस्टँगमध्ये 428 घनइंचांचे इंजिन बसवून दाखवले, आणि 1968 साली फोर्ड कंपनीने स्वतःच 428 कोब्रा जेट हे इंजिन बाजारात आणले.

ज्या सोयीमुळे येन्कोंना हा बदल जमला, त्याच सोयीमुळे आज कोणालाही तो करता येतो. सारा घोळ इथे आहे.

शेव्हरोलेच्या या मोठ्या इंजिनावर पुढच्या टोकाला, चालकाच्या विरुद्ध बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाचा, एक लहानसा सपाट पट्टा उघडा दिसतो. इंजिन कोणत्या कारखान्यात, कोणत्या महिन्यात आणि दिवशी जुळवले गेले आणि ते कोणत्या प्रकारचे आहे, हे सांगणारी अक्षरे व आकडे त्यावर पंच केलेले असतात. ब्लॉक ओतल्याची तारीख वेगळ्या जागी, ओतकामातच उठलेली असते: महिन्यासाठी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. मार्चमध्ये तयार झालेल्या गाडीत मे महिन्यात ओतलेला ब्लॉक सापडला, तर एरवी निकाल तिथेच लागतो. येन्कोंच्या 1967च्या गाडीत मात्र, डीलरचे बिल जूनचे असेल, तर तीच तारीख बरोबर असू शकते. उलट, कारखान्यात बसवलेल्या इंजिनावर ठोकत तसा त्या विशिष्ट गाडीचा नंबर डीलरने सुट्या मागवलेल्या 427वर कारखान्यातच ठोकला जाणे शक्य नव्हते. म्हणून अशा गाडीत गाडीचा आणि इंजिनाचा नंबर तंतोतंत जुळलेला दिसला, तर तो ठसा नंतर कोणीतरी मारला असावा, असा संशय घेणेच शहाणपणाचे.

असे ठसे मारले जातात, हे कटू असले तरी खरे आहे. जाणकार भिंग घेऊन त्या पट्ट्यावरच्या बारीक समांतर रेषा पाहतात, कारण कारखान्यातल्या हत्याराने उमटलेल्या त्या रेषा पृष्ठभाग पुन्हा घासला की नाहीशा होतात. मात्र इंजिन दुरुस्त करताना वर्कशॉपमध्ये ब्लॉकचा माथा सपाट केला, तरी मूळ नंबर जातो, आणि ज्याने काहीही लबाडी केलेली नाही अशा मालकाचेही त्यात मोठे नुकसान होते.

म्हणून डीलरने बदललेल्या गाडीचा खरा पुरावा कागदात असतो. आपल्याकडे आरसी बुकावर चॅसिस नंबराबरोबर इंजिन नंबरही असतो आणि इंजिन बदलले तर आरटीओत नोंद करावी लागते; अमेरिकेतल्या मालकीपत्रावर सहसा गाडीचाच नंबर असतो. कॅमॅरोचा तो नंबर इंजिन सहा सिलिंडरचे की आठ सिलिंडरचे व्ही-8, एवढेच सांगतो. कोणते व्ही-8, ते सांगत नाही. कारखान्याच्या नोंदी हाती लागल्या तरी त्या कारखान्याच्या फाटकापाशी संपतात. पुढचे सारे डीलरच्या बिलावर, कामाच्या चिठ्ठीवर आणि पहिल्या मालकाने जपलेल्या कागदांवर अवलंबून असते. वॉरंटीसाठी मालकाला धातूची एक लहान पट्टी मिळत असे; 1967च्या येन्को गाडीच्या पट्टीवर 396चीच खूण असायला हवी, आणि तसे असणे ही जमेची बाजू आहे.

1969 साली चित्र पालटले. शेव्हरोलेच्या केंद्रीय कार्यालयाच्या विशेष ऑर्डरीतून, ज्यांना कोपो म्हणतात, 427 इंजिन कारखान्यातच बसू लागले. इलिनॉयमधल्या ला हार्प इथले डीलर फ्रेड गिब यांनी ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे झेडएल-1 इंजिन असलेल्या 50 कॅमॅरो मागवल्या. अशा एकूण 69 गाड्या बनल्या. एकट्या इंजिनासाठी 4,000 डॉलरांहून जास्त मोजावे लागत असल्याने त्या तेव्हा खपेनात, आणि आज त्याच गाड्यांसाठी झुंबड उडते. या गाड्यांना मात्र नंबर जुळण्याची जुनी कसोटी पूर्ण लागू होते, कारण इंजिन कारखान्याने बसवले आहे.

वॉरंटीत बदललेल्या इंजिनाची गोष्ट आणखी निराळी. ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या अंतराच्या शर्यतीत, इंजिने फुटत, डीलर नवा ब्लॉक देई, आणि शेव्हरोलेच्या अशा ब्लॉकवर सीई ही अक्षरे पंच केलेली असत. अशी गाडी मूळ इंजिनाच्या गाडीच्या बरोबरीला येत नाही. पण सोबत दुरुस्तीचा कागद असेल, तर गेल्या काही वर्षांत कोणीतरी हौसेने 427 चढवलेल्या गाडीच्या रांगेत तिला बसवणे मला अन्यायाचे वाटते. त्या हौशी गाडीलाही गिऱ्हाईक मिळावे, चालवायला ती तितकीच जोरकस असते. फक्त विक्रेत्याने तिला येन्को म्हणू नये आणि खरेदीदाराने डीलरचे बिल पाहिल्याशिवाय येन्कोची किंमत मोजू नये.